मालवणची सागरी सहल : भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाने एक दिवस



सहलीचा कार्यक्रम सर्वसाधारणपणे सहलीस जाणारी मंडळीच आखतात. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, कार्यालयाची असेल तर तेथील हौशी कर्मचारी एकत्र बसतात. गाडी किती वाजता सुटेल, जेवण कोठे होईल आणि परत केव्हा यावयाचे, हे ठरवितात. समुद्रातील बेटांची आणि वाळूच्या दांड्यांची सहल मात्र या नियमाला अपवाद आहे. तिचा कार्यक्रम भरती-ओहोटी आखते. प्रथम कोठे जावयाचे, कोठे किती वेळ थांबावयाचे आणि कोणत्या क्षणी होडीत परत चढावयाचे, हे समुद्राच्या पाण्यावर ठरते. ज्यांनी हे जाणले त्यांची सहल सुखाची होते. ज्यांनी दुर्लक्ष केले त्यांपैकी काहींना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

महाराष्ट्रात अशा सहलीसाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा परिसर विशेष अनुकूल आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. जलदुर्ग वसलेले बेट, ओहोटीला किनाऱ्याशी जोडला जाणारा खडक, पाण्याखालचे प्रवाळ आणि नदीच्या मुखाशी रोज प्रकट होऊन रोज लोपणारा वाळूचा दांडा हे सर्व येथे एका दिवसाच्या फेरीत पाहावयास मिळते. मात्र हा दिवस कसा घालवावा, याचा विचार शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी या तिघांनीही करावयास हवा. सहलीस येणारी मुले शिक्षकांच्या हवाली असतात, किनारा गावाच्या अंगणात असतो आणि होडीच्या परवान्यावर अधिकाऱ्यांची सही असते.

तिथीची पाऊणपट

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ घड्याळाआधी पंचांगावरून सांगत आली आहेत. त्यांचा हिशेब सोपा आहे : जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीच्या चारची पाऊणपट तीन. म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चोवीस तास पन्नास मिनिटांच्या अवधीत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करण्याच्या रीतीमागे हेच गणित आहे.

वेळेप्रमाणे पाण्याच्या चढउताराचे मापही बदलते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते; तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा फरक थोडा राहतो. मुंबईला उधाणात ही चढउतार चार मीटरच्या पुढे जाते. दक्षिणेकडे ती कमी होत जाऊन मालवणला साधारण दोन मीटरच्या आसपास येते. दोन मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून पाणी, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता सहलीच्या दिवसाला हा हिशेब लावून पाहावा. द्वादशीस सकाळी नऊला भरती आणि दुपारी सव्वातीनला ओहोटी. म्हणजे सकाळी बेटावरचा किल्ला आणि दुपारी वाळूचा दांडा असा क्रम जुळतो. चतुर्थीस दांडा सकाळी नऊच्या सुमारासच उघडा पडतो. तेव्हा क्रम उलटा करावा लागतो. पौर्णिमेस दांडा सर्वांत मोठा दिसतो खरा, पण ओहोटी संध्याकाळी साडेपाचची. परतीस अंधार होण्याचा धोका असतो. वाऱ्याचाही विचार हवा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाणी बहुधा शांत असते; दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि उघड्या समुद्रात लाटा उठतात. म्हणून उघड्या पाण्यातील फेरी शक्यतो सकाळी आणि खाडीतील फेरी दुपारी, ही तांडेलांची रीत शहाणपणाची आहे. अर्थात पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी भरतीचे अधिकृत कोष्टक पाहावे आणि बंदरावर धोक्याचा बावटा नाही याची खात्री करून घ्यावी.

कुरटे बेटावरील सकाळ

द्वादशीचाच दिवस धरला, तर सकाळी आठच्या सुमारास मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते. किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर कुरटे बेट आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा प्रारंभ झाला. ज्या खडकावर हे पूजन झाल्याचे सांगतात, तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर दाखविला जातो. १६६७ मध्ये किल्ला पूर्ण झाला. सुमारे ४८ एकरांच्या क्षेत्राला वेढणारा तट बेटाच्या कडेकडेने नागमोडी गेला आहे. त्यामुळे समुद्रातून येणाऱ्या शत्रूला तटाची सरळ बाजू कोठेच सापडत नाही आणि बुरुजांच्या आड दडलेले महाद्वार अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

किल्ल्यातील श्रीशिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील आहे. तेथील मूर्तीला दाढी नाही आणि मस्तकी नावाड्याची टोपी आहे. दर्यावर्दी मुलखाने आपल्या राजाला आपल्याच वेषात पाहिले, असे म्हणावयास हरकत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

विद्यार्थ्यांना येथे आवर्जून दाखवावयाची गोष्ट म्हणजे दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी. चहूकडे खारे पाणी आणि बेटाच्या पोटात गोडे पाणी, याचे नवल सर्वांनाच वाटते. लहान बेटांवरील गोड्या पाण्याचे शास्त्र असे की, पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर थरासारखे राहते. हा थर मर्यादित असतो. उपसा अधिक झाला की खालचे खारे पाणी वर येते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. म्हणून पिण्याचे पाणी बरोबर नेणे आणि बेटावरच्या पाण्याची उधळपट्टी न करणे हा पाहुणचाराचा साधा नियम आहे.

किल्ल्याच्या जवळच पद्मगडाचा लहानसा खडक आहे. भरतीला तो बेट असतो. ओहोटीला दांडीच्या किनाऱ्याकडून वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि तेथे पायी जाता येते. बेट आणि किनारा यांतील भेद पाण्याच्या एका फेऱ्यात कसा पुसला जातो, याचा हा प्रत्यक्ष पाठ आहे. मात्र चालत गेलेल्यांना चालतच परत यावयाचे असेल, तर वेळेकडे लक्ष ठेवणे भाग आहे.

पाण्याखालचे गाव

सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर पाण्याखाली प्रवाळांची वस्ती आहे. जीवसृष्टीच्या या ठेव्यासाठी १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. प्रवाळ दिसावयास दगडासारखा असला तरी तो जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्या इवल्याशा प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात; ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही भागीदारी मोडते, शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी गढूळ झाले की प्रकाश पोहोचत नाही. आणि होडीचा नांगर बेफिकिरीने टाकला तर अनेक वर्षांची वाढ एका आघातात मोडते.

पाण्यात उतरून प्रवाळ पाहण्याची सोय झाल्यापासून मालवण आणि तारकर्लीच्या अनेक तरुणांना गावातच रोजगार मिळाला आहे. पूर्वी मासेमारीवर चालणाऱ्या कुटुंबांना हा जोडधंदा मोलाचा वाटतो. अभयारण्याची घोषणा झाली तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला होता. आपले पिढीजात मासेमारीचे क्षेत्र हातचे जाईल ही त्यांची धास्ती होती. ती समजून घेतली पाहिजे. त्याचबरोबर खडकावरचे जीवन टिकले तरच मासळी टिकते आणि मासळी टिकली तरच पाहुणेही येतात, हेही तितकेच खरे आहे. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत आणि आठवण म्हणून काहीही उचलून आणू नये. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, ही माहिती विद्यार्थ्यांना होडीत बसण्यापूर्वी दिलेली बरी.

कर्लीच्या मुखाशी

दुपारचे जेवण आटोपून मंडळी रस्त्याने तारकर्लीवरून देवबागला येतात. देवबाग हे गाव एका अरुंद भूपट्टीवर वसले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधल्या वाळूवर माडांच्या सावलीत घरे. गावाच्या दक्षिण टोकाला सह्याद्रीतून आलेली कर्ली समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे. येथून होडी खाडीत शिरते. काठाची कांदळवने, पाण्यावर घिरट्या घालणारे कुरव आणि क्वचित मुखाबाहेर पाठ दाखवून जाणारे डॉल्फिन पाहत मंडळी संगमाजवळ येतात, तेव्हा ओहोटी निम्म्यावर आलेली असते. पाण्याच्या मध्येच प्रथम फिकट रंगाचा एक डाग दिसतो. मग ओल्या वाळूची कड उघडी पडते आणि पाहता पाहता तेथे चालता येण्याजोगे बेट तयार होते.

या दांड्याला लोक सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला, अशी स्थानिक समजूत आहे. त्याचा जन्म कसाही झालेला असो, त्याचे रोजचे जीवन नदी आणि समुद्र यांच्या देवाणघेवाणीवर चालते. नदी डोंगरातून वाळू-गाळ आणते. मुखाशी समुद्राची लाट समोरून येते, नदीचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. पाऊस सरल्यावर लहान लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे गेल्या हंगामात पाहिलेला दांडा या हंगामात त्याच जागी, त्याच आकाराचा असेलच असे नाही.

पुळण, दांडा आणि नदीचे मुख ही वाळूची तीन निरनिराळी खाती नव्हेत; ते एकच खाते आहे. कोठेही उचल झाली की शिल्लक सर्वत्र कमी होते. खाडीतील वाळूचा बेसुमार उपसा झाला, तर त्याची भरपाई समुद्र किनाऱ्याची धूप करून घेतो. देवबागसारख्या दोन्ही बाजूंनी पाणी असलेल्या गावाला हे सांगावयास नको. पावसाळ्यात लाटा माडांच्या मुळाशी येऊन भिडतात आणि धूप प्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी ग्रामसभेत होते. पर्यटकाला जो दांडा दोन तासांच्या करमणुकीचे ठिकाण वाटतो, त्याची वाळू गावाच्या दृष्टीने पायाखालच्या जमिनीचाच भाग आहे.

सातबारा नसलेली जमीन

वाळूच्या दांड्याला सातबारा नाही. तो कोणाच्या नावावर नाही आणि संध्याकाळी तो जागेवरही नसतो. भरती-ओहोटीच्या दरम्यानची जमीन १९९१ च्या अधिसूचनेपासून सागरी किनारा नियमनाच्या कक्षेत आली आहे; पण कायद्याची कक्षा असली तरी रोजची देखरेख कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. हंगामात ओहोटी लागली की दांड्यावर चहा, शहाळी आणि भजी विकणाऱ्या टपऱ्या उभ्या राहतात आणि भरतीपूर्वी उठतात. हा रोजगार प्रामाणिक कष्टाचा आहे. परंतु टपरीबरोबर तिचा कचराही परत आला पाहिजे. राज्यात २३ मार्च २०१८ पासून अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. दांड्यावर राहून गेलेली पिशवी मात्र भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर थेट समुद्रात जाते. तेथे झाडूवाला दुसऱ्या दिवशी येणार नसतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. ओहोटी संपून भरती लागते तेव्हा पहिल्या तासात पाणी फारसे चढत नाही. नावाड्यांचा हिशेब असा की, एकूण चढण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग पाणी चढते. दोन मीटरच्या चढउतारात पहिल्या तासाला वीतभरही पाणी वाढत नाही. तिसऱ्या तासात मात्र अर्धा मीटर वाढते. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून जो निवांत बसतो, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या तासात पाणी अकस्मात आल्यासारखे वाटते. ओहोटी सुरू असतानाही धोका कमी नसतो. त्या वेळी नदीचे आणि खाडीचे पाणी मुखातून जोराने बाहेर ओढले जाते. दांड्याच्या कडेला गुडघाभर पाण्यात खेळणारे मूल चार पावले पुढे गेले तर तळ एकदम खोल होतो आणि पाय उचलले जातात.

या केवळ कल्पनेतील भीती नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. पावसाळा तोंडावर आलेले ते दिवस होते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद ठेवण्याचा नियम आहे, तो याचसाठी. मात्र हवामान बिघडले असेल तर तारखेची वाट पाहू नये. समुद्र नाही म्हणत असेल तेव्हा सहल रद्द करण्याचे धैर्य शिक्षकांनी आणि होडीवाल्यांनीही दाखविले पाहिजे.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने धक्क्यावर एक फळा लावावा आणि त्यावर रोज चार गोष्टी लिहाव्यात : भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, हवामानाचा इशारा आणि दांड्यावरून शेवटची होडी परतण्याची वेळ. या फळ्याला खर्च जवळजवळ नाही. गावातील माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांकडे हे काम सोपविले, तर पंचांगातील तिथी, कोष्टकातील वेळ आणि प्रत्यक्ष पाण्याची खूण यांचा मेळ घालण्याचा अभ्यासही आपोआप होईल. कचरा परत आणण्याची जबाबदारी टपरीवाले व होडीवाले यांच्याशी चर्चा करून ठरवावी. वरून लादलेल्या हुकमापेक्षा गावाने एकत्र बसून केलेला ठराव अधिक पाळला जातो.

अधिकाऱ्यांनी होडीचा परवाना, प्रवासीक्षमता आणि जीवरक्षक जाकिटे यांची तपासणी हंगामाच्या आरंभी एकदा करून न थांबता गर्दीच्या दिवशी धक्क्यावर उभे राहून करावी. दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांत एखाददुसरे माणूस अधिक घेण्याचा मोह होतो, आणि अपघातही अशाच मोहातून घडतात. जाकीट होडीच्या कोपऱ्यात रचून ठेवण्यासाठी नसते. ते धक्क्यावरच अंगात घालून, पट्टे आवळूनच होडीत पाऊल टाकावे.

शिक्षकांचे काम सर्वांत जोखमीचे. मुलांचे लहान गट पाडून प्रत्येक गटाला एक मोठे माणूस द्यावे. होडीत चढताना, उतरताना आणि परत चढताना अशी तीनदा मोजणी करावी. पाण्यात खेळण्याची हद्द तांडेलाला विचारून ठरवावी आणि त्याने निघा म्हटले की पाच मिनिटांची सवलत मागू नये. त्या पाण्यात तो लहानाचा मोठा झालेला असतो. त्याचा शब्द हाच तेथला नियम.

द्वादशीच्या त्या दिवशी सव्वातीनला ओहोटी पूर्ण होते. चारच्या सुमारास तांडेल हाक देतो. मुले शंखशिंपले हातातून खाली ठेवून, आपापल्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या घेऊन होडीत चढतात. मोजणी पुरी होते. होडी देवबागच्या धक्क्याला लागेपर्यंत मागच्या दांड्याच्या कडा बुडू लागलेल्या असतात आणि संध्याकाळपर्यंत तेथे केवळ खाडीचे पाणी दिसते. दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटे उशिराने तो दांडा पुन्हा वर येईल आणि दुसऱ्या कोणत्या तरी गावची मुले तेथे उतरतील. त्यांना स्वच्छ वाळू मिळावी आणि तीही सर्वच्या सर्व सुखरूप घरी परतावीत, यासाठी शाळा, पंचायत आणि शासन यांनी एकमेकांच्या विश्वासाने काम केले, तर कोकणच्या किनाऱ्यावरील सागरी पर्यटन खऱ्या अर्थाने विकासाचे साधन ठरेल.